उसना आवाज

कासारवाडी स्टेशनाखाली सनीचं मोबाइलचं दुकान आहे. गुरुवारी सकाळी भिमाबाई तिथं रिचार्ज मारायला गेली. एवढंच काम होतं, दुसरं काही नाही.

"आजी, नंबर कुणाचा?"

"सुनंचा. अठ्ठावीस दिवसांचा मार. सोमवारीच संपलाय."

सनीनं मान खाली घातली. बावीस दिवसांपूर्वी दीक्षाच्या मयताला त्यानं स्वतः खांदा दिला होता. पण या म्हातारीला उलटं विचारायची छाती कुणाची? गुपचूप मारला रिचार्ज.

आता ही भिमाबाई काय चीज आहे ते ऐका. तिच्यासारखी नकलाकार पिंपरीपासून देहूरोडपर्यंत सापडायची नाही. एकदा शेजारच्या सुमनताईच्या आवाजात तिच्याच नवऱ्याला दाराआडून असं झापलं, की तो आठवडाभर बाटलीला शिवला नाही. आणि सुमनताई तेव्हा माहेरी, राजगुरुनगरला! गल्ली हसून लोळली होती. दीक्षाचा आवाज काढायला तर तिला घसासुद्धा खाकरावा लागत नसे. सख्ख्या भावाचीच पोर सून करून आणलेली. आत्या-भाचीचा गळा मुळातच एक.

लेक समाधान फौजेत. युनोची निळी टोपी घालून लेबनॉनला गेला आणि तिकडं लढाई पेटली. इकडं दीक्षा चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत जायची. तीन दिवस डेंग्यूचा ताप आला, चौथ्या दिवशी पोर गेली. विमानं सगळी बंद.

दीक्षाचा भाऊ प्रीतम रडत रडत म्हणाला होता, "आत्या, आत्ता कळवलं तरी दाजींना येता येणार नाही. एकटा माणूस, हातात बंदूक... काय करून घेतलं म्हणजे? विमानं सुरू होऊ दे. मग सांगू."

त्या रात्री भिमाबाईनं सुनेचा फोन उघडला. समाधानचे निरोप साठले होते.

"दीक्षा, बोल ना गं. चार दिवस झाले. बंकरमध्ये सहा जण बसलोय, सगळे फोनकडं बघत. बाकीच्यांचे वाजतात, माझाच वाजत नाही. काही पण बोल. भाजी कुठली केली ते सांग."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले, बटण दाबून धरलं आणि सुनेच्या आवाजात म्हणाली, "दोडका केलाय. येतोस का खायला?"

तेव्हापासून हेच चाललेलं. व्हिडिओ तिकडं लागत नसे, आवाज तेवढा जायचा. आईचं विचारलं की सांगायची, आत्याचा घसा बसलाय. कारण स्वतःच्या आवाजात तिला रडू फुटायचं. दीक्षाच्या आवाजात नाही फुटायचं.

तर त्या गुरुवारी ती दुकानातून घरी आली. गुरुवार म्हणजे कारखान्यांना सुट्टी आणि वस्तीत लाईट नाही. पंखा थांबलेला. भर बारा वाजता एवढी शांतता, की मोरीतल्या नळाचा थेंब मोजावा. तिनं कपाटाचं कुलूप काढलं, सोमवारपासून बंद असलेला फोन चालू केला. समाधानचा निरोप आलेला होता, सकाळचाच. आवाजात हसू होतं. महिन्याभरात पहिल्यांदा.

"दीक्षा, काल किती बोललीस गं! अकरा मिनिटं! सात वेळा ऐकलं. तू म्हणतेस तसंच करतो. सकाळचा पहारा बदलला की चौकीच्या तारेपलीकडं येतो, सुरुंग असू देत. ऑलिव्हच्या झाडाखाली ना? ...खरंच आलीस तू?"

काल? काल तर फोन कुलपात होता.

तिनं बोटानं वर सरकवलं. बुधवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. याच फोनवरून गेलेला निरोप.

लावला.

आधी नुसती यंत्रांची घरघर. मग चिकटपट्टी ओढल्यासारखा चर्र... चर्र... आणि मग आवाज.

"समाधान... ऐकू येतं का? मला तुझं सगळं ऐकू येतं. तू रात्री उशीत तोंड घालतोस, ते पण..."

नकला करणाऱ्याला अस्सल माल लगेच कळतो. हा अस्सल होता. खोलीत रबराचा वास दाटला, काळ्या टेपचा. कामावरून आली की दीक्षाच्या बोटांना यायचा तोच.

"...किती दिवस एकटा बसशील? ये. तारेपलीकडं उभी हाय मी. पाच पावलं फक्त."

"दीक्षे," म्हातारी हळूच म्हणाली, "पोरी, असं नको करू गं. एकच हाय मला..."

मोरीत थेंब पडला.

तिकडचं घड्याळ मागं, सकाळचा पहारा बदलायला तासभर असेल. काय करावं? परत दीक्षा होऊन सांगावं, येऊ नको? एक दीक्षा म्हणणार ये, एक म्हणणार थांब. बिचाऱ्यानं कुणाचं ऐकावं? नकला पुरे झाल्या. तिनं बटण दाबलं आणि छाती फुटेस्तोवर खरं बोलली.

"समाधान, मी आई बोलतेय. बाळा, दीक्षा गेली रे... बावीस दिस झाले. तुला सांगितलं न्हाई, मीच बोलत व्हते तिच्या आवाजात. तारेपलीकडं पाऊल टाकू नको. ती आपली दीक्षा न्हाई..."

गेला निरोप. बरोबरच्या दोन खुणा उमटल्या. निळ्या झाल्या.

बाहेर दोरीवर धुणं टाकणं थांबलं. सुमनताई दारात आली, हात तसेच ओले, तोंड पांढरंफटक.

"भिमाबाई... आत कोण बोललं आत्ता?"

"मीच गं. दुसरं कोण?"

सुमनताईनं किंचाळी तोंडातच दाबली आणि मागच्या मागं पळाली. आणि मग भिमाबाईच्याही कानात आपलाच आवाज शिरला. घसा खाकरला, पुन्हा बोलून बघितलं. "मी... मी भिमाबाई..." तरणा, नितळ आवाज. दीक्षाचा.

फोन थरथरला. समाधानचा निरोप.

"दीक्षा, असली चेष्टा करतात होय? आईचंच वारं लागलं तुला! इथं माझा जीव गेला ना क्षणभर. ...आईला दे बरं फोन. तिच्या तोंडून ऐकू दे. आई थांब म्हणाली, तर थांबतो. पण तीच म्हणाली पाहिजे."

भिमाबाईनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. कुठल्या तोंडानं बोलणार?

बोट कुठंच लागलेलं नव्हतं, तरी फोनवर रेकॉर्डिंगचे सेकंद पळायला लागले. एक... दोन... तीन...

आणि मोरीच्या अंधारातून, जिथं कुणीच नव्हतं, तिथून भिमाबाईचा आवाज आला. तोच जरासा घोगरा, मायेचा.

"हां बाळा... मी आई. जा... कवाधरनं उभी हाय ती."