जवळचा शब्द

विद्यापीठाच्या संशोधन कक्षात वहिनींचं काम एकच. प्रत्येक संशोधकाच्या नावापुढे ठरलेल्या शब्दकोशातले शब्द लावायचे. अनुदानाची एखादी योजना निघाली, की तिचे शब्द ज्याच्या शब्दांशी जुळतील त्याला संगणक आपणहून कळवायचा. कोशाबाहेरचा शब्द चालत नसे. हवा तो सापडला नाही, तर जवळचा लावायचा.

त्यांची नणंद त्याच विद्यापीठात संशोधन करायची. काम करताना माणसं का गुणगुणतात, हा तिचा विषय. घरी भांडी विसळताना तीही गुणगुणायची. कोशात 'गुणगुणणं' नव्हतं. 'आवाज' होता, पण आवाजाला कोण विचारतो? पैसा सगळा आजारांना. नणंदेचं भलं व्हावं म्हणून वहिनींनी 'वाचा जाणे' लावून टाकलं.

"अहो वहिनी, मी चांगली धडधाकट आहे की!" नणंद हसली.

"अनुदान मिळेपर्यंत गप्प बस," वहिनी म्हणाल्या.

योजना खरंच आल्या, एकीमागून एक. पण त्याच आठवड्यात नणंदेचा आवाज बसला. मग नुसती कुजबुज उरली, मग तीही गेली. डॉक्टरांना घशात काहीच सापडलं नाही. संध्याकाळी आता फक्त भांड्यांचा खणखणाट ऐकू यायचा आणि वहिनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारायच्या. पोरीच्या गळ्याला आपणच नख लावलं, असं त्यांना वाटे. पण नवऱ्याला सांगायची छाती होईना. सांगणार तरी काय?

शेवटी एका दुपारी कक्षात कोणी नसताना त्यांनी तो शब्द पुसला. जागा रिकामी ठेवता येत नव्हती. त्यांनी 'आवाज' लावला.

लगेच फोन वाजला.

"वहिनी, लवकर घरी या ना."

नणंदेचाच आवाज! टेबलावर डोकं टेकून वहिनी ढसाढसा रडल्या. मग पर्स उचलली आणि धावतच निघाल्या.

दार सताड उघडं होतं. स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं.

बाहेरच्या खोलीत नणंद भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे दाराकडे.

तिने वहिनींचा हात धरला. आत जाऊ नका, अशी मान हलवली.

गुणगुणणं थांबलं.

"आलात, वहिनी?" आतून तिचाच आवाज म्हणाला. "बसा. चहा टाकते, आपल्या दोघींपुरता."