तेरावी सळई

लिफ्टला बंद पडायला दुसरा दिवस मिळाला नाही! ठिपकीच्या एका हातात पाच किलो प्लास्टर, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, आणि आत्याची लॅब चौथ्या मजल्यावर.

ठिपकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उजव्या गालावर टाचणीच्या टोकाएवढा तीळ, म्हणून ती रांगत होती तेव्हाच आत्याने हे नाव ठेवलं. ते असं चिकटलं, की आता दवाखान्यातले कंपाउंडरसुद्धा फोनवर विचारायचे, "ठिपकी मॅडम आहेत का?" आत्याची दातांची लॅब होती. दाताचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि ह्या दोघी त्यावरून दात, कवळ्या, टायटॅनियमचे सांगाडे करून द्यायच्या.

तर ठिपकी धापा टाकत तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आली, आणि तिथे तिला थांबावंच लागलं. पायरीवर निळ्या शर्टातला एक माणूस बसला होता. शेजारी हत्यारांची पेटी आणि पेटीला टेकवलेली पाटी — 'लिफ्टचे काम चालू आहे'. काम कसलं डोंबलाचं! स्वारी सँडपेपरने बोटाएवढी एक सळई घासत होती. गुलाबी-जांभळी, नुसती झगमगणारी.

"लिफ्ट तुम्हीच दुरुस्त करताय ना?"

"हो."

"दिसतंयच."

त्याने वर पाहिलं. "एक पार्ट मागवलाय, माणूस घेऊन निघालाय. तोवर मी लिफ्टकडे टक लावून बसलो, तर ती लाजून चालू होईल का?"

"चार मजले चढून आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

"तीनच झालेत अजून," तो म्हणाला, आणि हसून उठत त्याने तिच्या हातातलं प्लास्टर घेतलं.

आता हा आगाऊपणा म्हणायचा की चांगुलपणा, हे ठिपकीला ठरवता येईना. खरं तर तिने पुढे जायला हवं होतं... पण नजर त्या सळईवरून हलेल तर शपथ.

"टायटॅनियम आहे ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिवसभर तेच असतं हातात. इकडे द्या." तिने सळई उजेडात फिरवली. "अहो, काय हाल केलेत हिचे! ह्यानं रंग निघेल, पण चरे पडतील त्याचं काय?"

मग त्याने सांगितलं. ही त्याच्या रिमोटच्या गाडीची सळई. शर्यतीची गाडी, जुनी विकत घेतलेली. आधीचा मालक हौशी. चाकांना सांभाळणाऱ्या बाराच्या बारा सळया त्याने रंगवून ठेवल्या होत्या.

"ट्रॅकवर मोठमोठी माणसं असतात हो. चांगली मिशीवाली. माझी गाडी उतरली की सगळे एका सुरात ओरडतात — आली रंगपेटी, आली!"

ठिपकीने ओठ दाबून धरले.

"हसा, हसा. मी उपायही केला. मोरी तुंबली की पावडर टाकतो ना, ती. अॅल्युमिनियमचा असला रंग तिच्यात झटक्यात उतरतो. म्हणून ह्याही बुडवल्या."

"आणि?"

"ह्यांना काही म्हणजे काही झालं नाही. पण चार सळयांना अॅल्युमिनियमचे नट तसेच राहिले होते."

"मग?"

"मग काय... गेले बिचारे."

आता मात्र ठिपकी खो खो हसत सुटली. जिन्यात तो आवाज वरपर्यंत गेला, आणि चौथ्या मजल्यावरून आत्याची हाक आली, "ठिपके, प्लास्टर आणतेयस की जिना उतरतेयस?"

"आमच्याकडे या उद्या," ती घाईने म्हणाली. "पॉलिशचं मशीन आहे."

"हा रंग काढायला अॅसिड लागतं म्हणे."

"मिळतं तसलं. पण बोटाला लागलं तर हाडापर्यंत जातं. ते माझ्या टेबलावर यायचं नाही, आणि तुम्हीही आणायचं नाही. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. तो शहाण्या मुलासारखी मान डोलावत होता, आणि तिला उगाचच फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टवाला हजर. हातात दोनच सळया.

"बाकीच्या?"

"दोन-दोन काढतो. म्हणजे कुठली कुठे बसते हे विसरायला होत नाही."

कारण पटण्यासारखं होतं. टोकांचे आटे घासले जाऊ नयेत म्हणून ठिपकीने त्यांवर मेण चढवलं, त्याला एक चष्मा दिला, धूळ ओढणारा पंखा लावला आणि रबराचं चाक अगदी हळू सुरू केलं.

"बघा हं. हा रंग नाहीच मुळी. वर एक पापुद्रा आहे, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. त्याच्यावर उजेड खेळतो आणि आपल्याला रंग दिसतो. पापुद्रा पातळ झाला की रंग बदलला."

आणि खरंच — गुलाबीचा पिवळा झाला, पिवळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा, मग तपकिरी... आणि सगळ्याच्या खालून शांत, राखाडी धातू वर आला. तो बघायला इतका वाकला होता, की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. चाक क्षणभर चुकीच्या जागी टेकलं.

पॉलिश झाल्यावर तिने सवयीने सळईच्या टोकाशी बारीक सुईने एक ठिपका मारला. लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक दाताला आतल्या बाजूने ती तसा ठिपका मारायची. काम तक्रारीसाठी परत आलं, तर कुणाच्या हातचं ते कळावं म्हणून. भिंगाशिवाय तो दिसायचाही नाही.

"दुसरीला वेळ लागेल," ती म्हणाली. "परवा या."

एका सळईला सात मिनिटं लागायची. आत्याने पडद्यामागून एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा भाचीकडे पाहिलं, आणि ती मुकाट्याने कवळीला दात लावत राहिली.

असा तीन आठवडे हा खेळ चालला. लिफ्ट केव्हाच चालू झाली होती, तरी तो जिन्याने यायचा.

"लिफ्टवर विश्वास नाही का?" ती विचारायची.

"लिफ्टवर आहे. दुरुस्त करणाऱ्यावर नाही," तो म्हणायचा.

कधी तो गाडी कशी उलटली ते सांगे, कधी ती एखाद्या आजोबांच्या कवळीची गंमत सांगे. डब्यातला अर्धा घास त्याच्याकडे जाऊ लागला. सहा, आठ, दहा... सळया संपत आल्या, तशी ठिपकी उरलेल्या मोजू लागली. त्याला दुसरं काही सुचत नाही का? हा माणूस सळईशिवाय कशासाठीच येत नाही का?

त्यात आत्याने एक पंचाईत आणली. त्यांच्याकडे काम पाठवणाऱ्या एका डॉक्टरने ठिपकीबद्दल विचारलं होतं.

"मुलगा चांगला आहे," आत्या म्हणाली. "साचेसुद्धा स्वच्छ पाठवतो. शनिवारपर्यंत काय ते सांग. लोकांना असं ताटकळत ठेवू नये."

माणूस खरंच चांगला होता, हीच तर पंचाईत. नाही म्हणायला कारण काय सांगणार? माझ्याकडे एकजण सळया घेऊन येतो, हे?

मंगळवारी बारावी सळई झाली.

"झाल्या सगळ्या," ती म्हणाली.

"हो... झाल्या." त्याने सळई रुमालात गुंडाळली, मग सोडली, मग परत गुंडाळली. "तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले त्यात."

"बरं... येतो मग."

येतो म्हणजे कधी? बाहेर तो लिफ्टचं बटण दाबत राहिला. लिफ्ट समोरच उघडी उभी होती, तरीही. ठिपकीने ते काचेतून पाहिलं आणि तिला त्याचा मनस्वी राग आला. बोल ना रे बाबा काहीतरी!

बुधवार कोरडा गेला. गुरुवारी तिने एका दाढेला दोनदा पॉलिश केलं. शुक्रवारी सकाळी आत्याने विचारलं, "मग? उद्या काय कळवू?"

"सांगते संध्याकाळी," ठिपकी म्हणाली, आणि दुपारी जिन्यात बूट वाजले.

तो दारात उभा होता. तळहातावर दोन सळया. पण ह्या गुलाबी नव्हत्या, गडद निळ्या होत्या.

"जादाच्या होत्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पेटीच्या तळाशी सापडल्या."

ठिपकीचा जीव भांड्यात पडला. तिने सळई हातात घेतली, मेण काढलं, चरे किती आहेत ते बघायला डोळ्याला भिंग लावलं... आणि ती तशीच थांबली.

टोकाशी, निळ्या रंगाखाली, एक ठिपका होता. तिचा.

तिने दुसरी सळई पाहिली. तिलाही होता.

"ह्या कुठे सापडल्या म्हणालात?"

"तळाशी... पेटीच्या."

"असं? जरा इकडे या. ह्यातून बघा." तिने भिंग त्याच्या हातात दिलं. "टोकाशी काय दिसतंय?"

"ठिपका."

"तो मी मारते. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कामावर. दुसऱ्या कुणाच्या नाही."

भिंग तसंच डोळ्याला लावून तो उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पडद्यामागे आत्याचं मशीन आपोआप बंद पडलं.

"कसा चढवलात रंग?" ठिपकीने विचारलं. आवाज कडक ठेवायचा तिने पुष्कळ प्रयत्न केला.

"नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या. खायच्या सोड्याच्या पाण्यात. गुलाबी येईपर्यंत जोडायच्या होत्या, पण... तीनच मिळाल्या. तेवढ्यात निळाच येतो."

"रंगपेटी म्हणून चिडवतात म्हणून रंग काढायला आलात ना? आणि स्वतःच्या हाताने परत चढवलात?"

"चिडवू देत." त्याने भिंग खाली ठेवलं. "दोन दिवस इथे आलो नाही. गाडी एवढी सुंदर पळत होती, सगळे वाहवा करत होते, आणि मला वाटत होतं, कशाला काढून घेतला हा रंग? आता चौथ्या मजल्यावर काय सांगून जायचं? मला तुम्ही आवडता हो. पहिल्या दिवशी जिन्यात हसलात ना, तेव्हापासून. पण ते रिकाम्या हाताने येऊन सांगायचं धाडस होईना."

ठिपकीचे डोळे भरून आले आणि हसूही फुटलं, दोन्ही एकदमच.

"एका सळईला किती वेळ लागतो माहीत आहे?"

"दोन दिवस."

"सात मिनिटं."

तो बघतच राहिला. "सात...? मग तुम्ही मला..."

"हो. मीच."

पंखा धूळ नसलेली हवा ओढत राहिला. त्याचं बोट तिच्या बोटाशी आलं, जरा घुटमळलं, आणि तिथेच राहिलं.

"झालं का तुमचं?" पडद्यामागून आत्या म्हणाली. "म्हणजे मी डॉक्टरला फोन करते. साचे तेवढे पाठवत जा म्हणावं, बाकी काही नको."

"आत्या!"

"आत्या काय? तीन आठवडे सात मिनिटांची कामं दोन दोन दिवस चाललीत. माझं वीजबिल कोण भरणार?"

लिफ्टवाल्याने निळ्या सळया पुढे केल्या. "मग... ह्यांचा रंग काढायचा ना?"

"नाही," ठिपकी म्हणाली. "राहू दे. आणि उद्या काही आणू नका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बूट वाजले. ठिपकीने मशीन बंद केलं, हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि दार उघडलं. तो धापा टाकत उभा होता, दोन्ही तळहात पुढे करून.

"बघा," तो म्हणाला. "काहीच नाही आणलं."

तिने त्या दोन्ही हातांत आपले हात ठेवले.