पाय पसरून बसलेली बाई

मंदाताईचं नाक कालपर्यंत निदान ओळखू येत होतं. आज हेमांगी केळुस्कर चौकात येऊन बघते तो तिथे नुसता उंचवटा! ओठ आधीच गेले होते. राहिले होते ते डोळे, तेही पुसट.

मंदाताई म्हणजे हेमांगीची थोरली बहीण. दोघींनी लग्न केलं नाही, उभा जन्म एका घरात काढला. ताई गेली आणि घर खायला उठलं, म्हणून शिल्पकार हेमांगीने तिला चौकातल्या शिल्पात बसवलं. रोज दुपारी चौक रिकामा असताना ती यायची, कट्ट्यावर टेकायची आणि ताईला आदल्या दिवसाचं सगळं सांगायची. दुसरं होतंच कोण सांगायला? शिल्पाचे फोटो पुष्कळ निघाले होते, पण फोटोशी माणूस किती बोलणार! आणि पुन्हा घडवायचं तर हात इतके कापायचे की कपातला चहा बशीत सांडायचा.

शिल्पावरून वैजनगरात केवढा गहजब झाला होता! महापालिकेच्या पैशातून पुतळा, आणि तो कुणाचा, तर काम उरकून पाय पसरून बसलेल्या बाईचा. "घोडा नाही, तलवार नाही, भर चौकात अशी बसते का कुणी?" शेवटी सभागृहाने तोडगा काढला. जुना पुतळा काढून तोच आकार मतधातूत ओतला. हा धातू बघणाऱ्यांचं ऐकतो. शिल्पात दडवलेले बारीक कॅमेरे लोकांच्या नजरा टिपतात. नजर जिथे रेंगाळते तो भाग टिकतो, जिथून हटते तो हळूहळू सपाट होतो. लोकांनीच काय ते ठरवावं, म्हणजे महापालिकेच्या डोक्याला ताप नाही.

हेमांगीने तिथूनच इंद्रजित लोखंडेला फोन लावला. यंत्रणेची देखभाल त्याच्याकडे होती.

"अहो, चेहराच गेला की तिचा! इतका राग आहे लोकांना?"

"मॅडम, आकडे तसंच सांगतात. चेहऱ्यासमोर आले की लोक डोळे मिटून घेतात. डोळे मिटले म्हणजे बघवत नाही, असं यंत्र धरतं."

"आणि पाय?"

"पाय एकदम ठणठणीत. पायांकडे सगळे बघतात."

"पहिला चेहरा परत आणता येईल?"

"मग लोकमताला अर्थ काय राहिला, असं म्हणतील वरचे. नाही जमायचं, मॅडम."

हेमांगीला रडूच कोसळलं. शिव्या तिने खूप खाल्ल्या होत्या, त्याचं काही नाही. पण ताईचं तोंडही बघवू नये? काय घोडं मारलं होतं तिने कुणाचं? कोण डोळे मिटतं ते एकदा बघूच, म्हणून ती कट्ट्यावर ठाण मांडून बसली.

कचेऱ्या सुटल्या. गळ्यात बँकेचं ओळखपत्र अडकवलेली एक बाई आली. पर्स खाली ठेवली, चपला काढल्या, पुतळ्याच्या पायांना हात लावला. मग हात जोडले आणि डोळे मिटले. तिच्यामागे दुसरी आली, तिनेही तेच केलं.

हेमांगी बघतच राहिली. अरे देवा! लोक नमस्कार करत होते, आणि यंत्राला नमस्कार कुणी शिकवलाच नव्हता.

ती लगबगीने पुढे झाली. "अहो, डोळे उघडे ठेवून कराल का नमस्कार? ही माझी बहीण आहे हो. तुम्ही डोळे मिटता आणि तिचा चेहरा पुसला जातो." धापा टाकतच तिने यंत्राचं सगळं सांगितलं.

बँकेतल्या पल्लवी घोडकेने जीभ चावली. "अगं बाई! आम्हाला कुठे माहीत? मावशी, मी डोळे मिटले की मला माझी आई दिसते. दमली की ती अश्शीच बसायची. खरं सांगू, रागावू नका, पण आधी हे नाक मधे यायचं. आता कशी लख्ख दिसते." मग तिचाच आवाज खाली आला. "तरी तुम्ही म्हणाल तसं. सगळ्या जणींना सांगते मी डोळे उघडे ठेवायला. सांगू?"

हेमांगीला हो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"तुम्हाला दिसत असेलच ना बहीण, डोळे मिटल्यावर?" पल्लवीने सहज विचारलं.

हेमांगीने ते कधी करून बघितलंच नव्हतं. इतके महिने ती रोज टक लावून बसत आली होती. ताईचे डोळे तेवढे टिकले, ते बहुधा तिच्या एकटीच्या बघण्यावर. तिने हात जोडले. समोर पुसट डोळे होते आणि त्यांच्या आत कुठेतरी यंत्र तिची नजर टिपत होतं. पल्लवी उत्तरासाठी थांबली होती.

डोळे मिटले, आणि आतही मंदाताईला चेहरा नसला, तर?