एक खुर्ची, दोन काचपेट्या

मोरवेल देशाची लोकसंख्या दोन हजार दोनशे एकोणीस. एवढ्याशा देशात आकडा हा नुसता आकडा राहतच नाही, तो कुणाचा तरी शेजारी असतो! म्हणूनच तिथे आरोग्याचा सहामाही आराखडा सहीला जाण्याआधी दुपारी बाराला रेडिओवर वाचून दाखवायचा रिवाज. सगळा देश जेवणं खोळंबवून ऐकतो आणि आपापला आकडा ओळखतो.

"पोरी, माझा 'एक' ठणकावून म्हण हं," बाबांचा फोन आला. "मागच्या खेपेला पुटपुटलीस. देशाच्या आराखड्यात आहे मी, चेष्टा नाही!"

"हो बाबा," आराखडा तपासून रेडिओवर वाचणारी तारिणी म्हणाली.

धाकट्या बेटावर डायलिसिसची एकच खुर्ची, आणि आठवड्यातून तीनदा तिच्यावर बसणारे एकटे बाबा.

आराखडा 'पूर्वदर्शी' करायची. प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी रक्तदाब, साखर, झोप टिपते. त्यावरून ही संगणकप्रणाली पुढे कुठे काय लागेल ते सांगते. सात वर्षांत ती एकदाच चुकली, तेही एका खाटेने.

तारिणीसमोर ओळ होती: डायलिसिस खुर्ची, धाकटं बेट : ०. म्हणजे पूर्वदर्शीच्या हिशेबात पुढच्या सहामाहीत बाबा नव्हते.

ती ओळ तिने सकाळपासून अकरा वेळा वाचली होती. रडू आलं नाही. तिने पोहे खाल्ले, बशी विसळली, वेणीही नीट घातली. फक्त हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते.

मालबोट सहा महिन्यांतून एकदाच येते. शून्य वाचलं की डायलिसिसच्या द्रावाचे खोके येणार नाहीत. खोके नाहीत म्हणजे बाबा नाहीत. आणि मग पूर्वदर्शी बरोबरच ठरणार की!

तिने शून्य खोडून एक केला.

प्रणालीने क्षणात सगळं पुन्हा मांडलं. बोटीत जागा तेवढीच. खालची ओळ बदलली: अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचपेट्या : २ ऐवजी १.

स्टुडिओच्या काचेपलीकडे कुंदा बसली होती. रेडिओचा आवाज सांभाळणारी, पाचवा महिना, जुळी. "ताई, अर्धं मिनिट राहिलं! आमच्या दोन पेट्या आहेत ना गं यादीत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघं घाई करणार. सासूबाईंनी तर रेडिओलाच हळदकुंकू लावलंय!"

तारिणीने मान हलवली. होकारार्थी की कशी, तिचं तिलाच कळलं नाही.

लाल दिवा लागला.

"डायलिसिस खुर्ची, धाकटं बेट... एक."

अगदी ठणकावून. टेबलावरचा फोन लगेच थरथरला. बाबाच. तिने तो पालथा घातला.

पुढची ओळ. काचेपलीकडून कुंदा हसत दोन बोटं दाखवत होती.

पूर्वदर्शी चुकते, पण एकानेच. या खेपेला ती कुठे चुकावी, खुर्चीपाशी की काचपेटीपाशी, हे तारिणीने कुणाकडे मागायचं?