पालथ्या पेल्याखालचा फासा

"खून झालाय," ग्रंथपाल दारातूनच म्हणाले आणि लगेच ओशाळले. "म्हणजे... खेळातला."

मास्तरांचा चहा बशीत सांडला. ताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीस वर्षं विम्याच्या दाव्यांची चौकशी करून त्या आता खासगी तपासाची कामं घेत. मास्तर त्यांचे धाकटे भाऊ. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, ताईंची टिपणं लिहून घेणारे, आणि आपण ताईंच्या पायातली बेडी आहोत अशी मनोमन खात्री असलेले.

"बसा. मेलं कोण?"

"मशालजी."

हळूहळू उलगडा झाला. दर रविवारी दुपारी चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत गोष्टीचा खेळ चाले. ग्रंथपाल सूत्रधार; गुहा, राक्षस, बंद दरवाजे हे सगळं तेच सांगत. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत वाट काढायची. गेल्या वर्षी त्यांच्यातले सुतारकाका वारले. उरले दोन खेळाडू: दुकानाचे मालक चष्मेवाले आणि सुतारकाकांची शिवणकाम करणारी मुलगी. दोघांच्या टोळीला गुहा झेपेना, म्हणून खेळातच एक भाडोत्री सोबती घेतला. तो मशाल धरी, आणि त्याचं बोलणं ग्रंथपाल बोलत.

"मागच्या रविवारी तो कड्यावरून पडला," ग्रंथपाल म्हणाले. "आमचा रिवाज आहे. दिवसाचा शेवटचा फासा पेल्यात हलवून पालथा घालायचा आणि आठवडाभर कुणी बघायचा नाही. पेल्याभोवती मी पेन्सिलीने गोल काढतो. फासा वीस पैलूंचा. दहाच्या वर पडला तर वाचला, नाहीतर गेला."

"आज काय निघालं?"

"एक. आणि पेला गोलापासून बोटभर सरकलेला. कुणीतरी फासा फिरवलाय, ताई. कोणी ते कळेपर्यंत मी खेळाची पेटी उघडणार नाही. बावीस वर्षांचं टेबल आहे, पण लबाडी शिरलेल्या टेबलाशी मला बसवणार नाही."

"धक्का लागला असेल," मास्तर पुटपुटले.

"टेबल बघून ठरवू. चपला घाल."

टेबल सुतारकाकांनीच केलेलं होतं. ताईंनी दोन्ही हातांनी ते ढकललं. तसूभरही हललं नाही. मास्तरांनी वहीत 'धक्का' लिहिलं होतं, ते गुपचूप खोडलं.

"हा भाडोत्री माणूस नकोसा झाला तर?" ताईंनी विचारलं.

"दोघांपैकी कुणीही 'तुला रजा' म्हणायचं," ग्रंथपाल म्हणाले. " तो जातो. कारण कुणी विचारत नाही."

चष्मेवाले दुकानात एक भिंग उजेडाकडे धरून त्याच्या मध्यावर खूण करत होते. "मला नव्हताच आवडत तो," ते म्हणाले. "दर दाराशी खोकायचं आणि 'सावकाश रे पोरांनो' म्हणायचं! मी साठीचा झालो, पोर कसला? हे मी सगळ्यांसमोर दहादा बोललोय."

"मग ठेवला कशाला?"

"ग्रंथपालांचा जीव त्याच्यात. असू दे म्हटलं. उजेड तरी धरतोय."

बोलता बोलता त्यांनी ते भिंग चौकटीत बसवलं. खुणेवर खूण, केसाचाही फरक नाही.

चष्मेवाल्यांच्या बायकोने आत चहा टाकला होता. "टेबल मी पेला सोडून पुसते हो. आणि एक आला म्हणतात ना? मग पहिला नंबर आला की! त्यात मेला कसा तो?"

ताई हसल्या. "आठवड्यात खोलीत आणखी कोण आलं?"

"बुधवारी सुतारभावजींची पोर आली होती, पडदे लावायला. मी आत शेवया भाजत होते. बिचारीची तब्येत बघायला हवी. रविवारी तिला भारी तहान लागते. टेबलावर तांब्या भरून ठेवते, तरी उठून आत येते पाण्याला."

"केव्हा येते?"

"मशालजी खोकायला लागला की. काय हुबेहूब खोकतात ग्रंथपाल! भावजी गेले, खोकला मात्र इथेच राहिला बघा."

शिवणवाली खिडकीशी पडद्याची सुटलेली दुमड टाचत होती. "मला आवडायचा मशालजी," ती सुईकडे बघत म्हणाली.

"आता दुसरा घ्याल?"

"घेऊ की. दुसरा कुणीही चालेल."

अंगणात येताच मास्तरांनी धीर केला. "चष्मेवालेच, नाही का? त्यांनाच तो नको होता."

"म्हणूनच ते नव्हेत," ताई म्हणाल्या. "चल, सगळ्यांना बसव."

सगळे टेबलाभोवती बसले. ताई उभ्याच राहिल्या.

"टेबल हलत नाही, म्हणजे पेला हाताने उचलला गेला. वहिनींना एक म्हणजे जिंकणं वाटतं. त्या हा आकडा लावणार नाहीत. चष्मेवाले दिवसभर खुणेवर खूण बसवतात. त्यांनी पेला बोटभर चुकवला नसता. शिवाय त्यांना मशालजी नको असता तर 'तुला रजा' एवढे दोन शब्द पुरे होते. ते तर तोंडाने फटकळच."

"फटकळ?" चष्मेवाले म्हणाले.

"गप्प बसा हो," बायको म्हणाली.

"फासा फिरवायची गरज कुणाला? ज्याला ते दोन शब्द उच्चारणं शक्य नव्हतं त्याला. मशालजी खोकला की जिला खोलीत बसवत नव्हतं, आणि तरी खोकणाऱ्याचं मन जिला मोडायचं नव्हतं, तिला. बुधवारी इथे ती एकटीच होती." ताईंचा आवाज मऊ झाला. "खरा आकडा किती होता गं?"

शिवणवालीने सुई पडद्यात खोचून ठेवली. "सतरा."

ग्रंथपालांनी फाशाकडे बघितलं.

"वाचला होता तो," ती म्हणाली. "पेला उचलला तेव्हा वाटलं होतं, आपोआप मेलेला असेल. दवाखान्यात बाबांचा खोकला मी चार महिने ऐकला, काका. तो थांबला तेव्हा... आणि तुम्ही इतक्या प्रेमाने तो काढता. कसं सांगू तुम्हाला, की नका काढू?"

ग्रंथपालांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा चष्मेवाल्यांनी खिशातला फडका पुढे केला.

"मला वाटायचं, तुला बरं वाटतं," ग्रंथपाल म्हणाले. "खरं सांगू? मलाच वाटायचं. तो बोलला की वाटे, अजून चौघंच आहोत." थोड्या वेळाने त्यांनी फासा उचलला आणि एकाचा पैलू वर करून मधोमध ठेवला. "एकच राहू दे. मशालजी गेला. चांगला माणूस होता."

"चांगला होता," चष्मेवाले म्हणाले. "वैताग आणायचा. पण चांगला होता."

ग्रंथपालांनी खेळाची पेटी उघडली. आतून एक कोरा कागद निघाला. "गुहेत अजून काळोख आहे. दोघांनी भागणार नाही. नवा माणूस लागेल, आणि त्याचा आवाज माझा नको."

ताईंनी एक खुर्ची ओढली आणि मास्तरांना खांद्याला धरून तिच्यात बसवलं.

"ताई, मला जमणार नाही. मला काही—"

"तीस वर्षं वर्गात तू खडूशी बोललास. आता माणसांशी बोल."

कागद समोर आला. मास्तरांचे कान लाल झाले. तिघंही त्यांच्याकडे बघत होती, शिवणवाली जरा पुढे वाकून.

"मशाल," मास्तरांनी घसा साफ न करताच विचारलं, "कुठल्या हातात धरू?"

"तुम्हाला जड होणार नाही त्या हातात," ती म्हणाली. पाण्यासाठी ती उठली नाही. "आणि माझ्या बाजूने चाला."