बुद्धप्रियाला आणलं

रक्त काढायच्या आधी नळीवर पेशंटचं नाव लिहायचं नाही, हा आमच्या लॅबमधला पहिला धडा. आधी रक्त, मग नाव. घाईत उलटं केलं की एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. चौदा वर्षांत माझ्या हातून हे एकदाही झालेलं नाही, आणि नव्या मुलींकडून झालं तर मी त्यांची चांगली खरडपट्टी काढते.

हातात दिवसभर ग्लोव्ह्ज, म्हणून फोनला सगळं तोंडीच सांगायचं. "रोज चार वाजता आठवण कर, बुद्धप्रियाला आणायचं." बुद्धप्रिया माझी मुलगी, दुसरीत आहे. नवरा दिपक पुण्याला नोकरीला, त्यामुळं सव्वाचारला शाळा सुटली की तिला आणायला मी एकटीच. "फोनशी बोलतेस तेवढं गोड माझ्याशी बोल की," असं दिपक चिडवतो.

ती आठवण मोठी हट्टी होती. 'झालं' म्हणेपर्यंत दर मिनिटाला वाजायची. वाटेत सात रस्ता चौकातल्या गर्दीत कोण ऐकत बसणार? म्हणून लॅबच्या पार्किंगमध्येच, गाडीला किल्ली लावता लावता मी म्हणून टाकायची, "झालं." मुलगी अजून वर्गातच असायची. त्यात काय एवढं, असं मला वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी तोंड उघडायच्या आधीच फोन म्हणाला, "बुद्धप्रियाला आणलं. नोंद केली आहे." पर्समध्ये काहीतरी दाबलं गेलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

बुधवारी चारला पाच कमी असतानाच ती नोंद झाली. फोन तेव्हा लॉकरमध्ये होता. मी शाळेपाशी पोचले तर बुद्धप्रिया फाटकाला टेकून अर्धं संपलेलं गारीगार चोखत होती.

"हे कुणी दिलं गं?"

"तूच की आई. दिलंस आणि म्हणालीस, थांब इथंच, गाडी आणते."

तिचा घसा धरतो, मी तिला कधीच गारीगार घेऊन देत नाही. वॉचमन गुरुबसप्पा हसायला लागले. "तुमीच होता की ताई. चेष्टा करताव व्हय?"

सरळ सांगते, मी घाबरले. त्याच संध्याकाळी आठवण काढून टाकली. सकाळी ती परत जागेवर होती. पासवर्ड बदलला, फोन पुसून कोरा केला, तरीही होती. दिपक म्हणाला, तुझी झोप होत नाहीये, जरा सुट्टी घे.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून तीन वाजल्यापासून मी शाळेसमोरच्या रसवंतीच्या सावलीत उभी राहिले. फाटक एकच आहे. त्यावरची नजर मी काढली नाही. ते उघडलंही नाही.

तीन चाळीसला फोन म्हणाला, "बुद्धप्रियाला आणलं."

मी धावत रस्ता ओलांडला. "गुरुबसप्पा, बुद्धप्रियाला बोलवा. आत्ता."

"तिच्या आईनं आत्ताच नेलं की तिला. पोटात दुखत होतं म्हनं." त्यांनी मला खालीवर पाहिलं. "तुमी कोन तिच्या?"

"अहो, मी राजश्री. तिची आई!"

या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं फिरवलं. वेळ तीन चाळीस. खाली माझी सही. शेवटची रेघ मी ओढते तशीच लांब ओढलेली. शाई अजून ओली होती.

मी दिपकला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"दिपक, मी. राजश्री."

"राजश्री आत्ताच माझ्याशी बोलली. पोचल्या दोघी घरी. तुम्ही कोण, बाई?" आणि त्यानं फोन ठेवला.

"दिपकला परत फोन लाव," मी ओरडले.

"हा आवाज ओळखीचा नाही," फोन म्हणाला.

आसरा चौकातल्या आमच्या घरापर्यंत गाडी कशी आणली ते मला आठवत नाही. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारात माझ्या तपकिरी चपला होत्या. त्याच माझ्या पायातही होत्या. आत कुकरची शिट्टी झाली.

मी बेल दाबली.

बुद्धप्रियानं दार उघडलं. अंगावर अजून शाळेचाच ड्रेस होता. पोट वगैरे काही दुखत नव्हतं, छान दिसत होती.

"बाळा," मी म्हणाले.

ती एक पाऊल मागं सरकली. "आई, कुणीतरी आलंय!"

"आले गं, हात ओले आहेत," स्वयंपाकघरातून माझा आवाज आला.

बुद्धप्रिया माझ्या घामेजलेल्या तोंडाकडं बघत राहिली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं, हे तिला मीच शिकवलंय.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी देऊ?"