शकुंतलावहिनींच्या स्पीकरची नवी फीत

जयपुरात रिबन स्पीकरची फीत बदलून देणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे सोडाला भागात राहणारे आपण, असं उमाकांतराव स्वतःच सांगत. फिजिक्सच्या प्रोफेसरकीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना या स्पीकरांनी पछाडलं होतं. "साध्या स्पीकरात कागदाचा भोंगा ढकलावा लागतो. इथे केसाहून पातळ ॲल्युमिनियमची फीत दोन चुंबकांमध्ये नुसती लटकते. माणूस समोर बसून गातोय असं वाटतं!" हे ते भाजीवाल्यालाही ऐकवत.

त्यामुळे आदर्श नगरच्या शकुंतलावहिनींचा फोन आला तेव्हा ते पायात चपला सरकवतच निघाले. वहिनींचे यजमान श्यामकांत दोन वर्षांपूर्वी वारले. मागे राहिले ते त्यांनी हौसेने उभे केलेले, माणसाएवढे उंच दोन स्पीकर.

"उजवा बिघडलाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचा आवाज फाटका येतो. दुरुस्त करा, पण बदलू नका हं काही. आवाज तोच राहू द्या. मला दुसरं कोण आहे बोलायला?"

श्यामकांतांनी काहीबाही रेकॉर्ड करून ठेवलं असेल, असं उमाकांतरावांनी धरलं. फितीची चौकट त्यांनी उघडली आणि त्यांचा जीव हळहळला. फीत सैल पडून चुंबकाला घासत होती. बदलू नका, हे ते सोयीस्करपणे विसरले.

चौकट घरी आणून त्यांनी नवी फीत केली. दोन दातेरी चाकांमधून फिरवून तिला बारीक चुण्या पाडल्या. फुंकरीनेही फाटते, म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. "माणसं उकडून निघाली तरी चालतील, फीत हलता कामा नये," त्यांची बायको विभा करवादली. जुनी फीत चुरगळून कचऱ्याच्या गाडीत गेली.

चौथ्या दिवशी दुपारी चौकट पुन्हा जागेवर बसली. उमाकांतराव वायर उलगडू लागले. वहिनींना मात्र तेवढाही दम नव्हता. खुर्ची ओढून त्या स्पीकरसमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो... आहात ना?"

"वहिनी, वायर जोडायचीय अजून."

"ह्यांना वायर लागत नाही."

उमाकांतरावांच्या हातातलं वेटोळं तसंच राहिलं. वहिनींनी कूलर बंद केला होता. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. मग फितीतून कुणीतरी घसा खाकरला.

वहिनींचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "हे... हे नव्हेत."

"विभा," स्पीकर म्हणाला. "दार लोटून घे गं... ऊन येतंय."

तीस वर्षं वर्गात घुमलेला स्वतःचा आवाज ओळखायला उमाकांतरावांना वेळ लागला नाही.

"जुनी फीत कुठाय, भाऊजी?"

"टाकली..."

वहिनी रडल्या. मोठ्याने नाही, पण बराच वेळ. नवरा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी घालवणारा समोर उभा होता. उमाकांतरावांना आपल्या हुशारीची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण लाजेहून भीती मोठी होती.

"वहिनी... मी तर जिवंत आहे."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. "ती फीत ह्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. हे जायच्या आधी पंधरा दिवस तिच्यातून ह्यांचाही आवाज यायला लागला. हे बाहेर पेपर वाचत बसलेले असायचे, आणि आत स्पीकर चहा मागायचा. आम्ही हसायचो."

त्या उठल्या. दुधाचं भांडं परत करावं तितक्या साधेपणाने त्यांनी स्पीकर उमाकांतरावांकडे सरकवला.

"हा तुम्ही घेऊन जा, भाऊजी. विभाताईंना लागेल."

नको, असं म्हणायला उमाकांतरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याआधी स्पीकरच म्हणाला,

"नेतो, वहिनी."